जेवणानंतरची गोळी

आषाढ अर्धा सरला की आमच्या घरात पांढरे कपडे वाळेनासे होतात. माझ्या साड्या, ह्यांचा सदरा, पोरीचा ड्रेस, सगळं माजघरातल्या दोरीवर लोंबत असतं. पंखा कितीही फिरवा, कुबट वास काही जात नाही. रंगीत कपडे कसेतरी वाळतात, पांढऱ्यांनाच काय होतं कोण जाणे! त्या वासावरून मला वर्षावास आल्याचं कळतं, कॅलेंडर बघावं लागत नाही. मग एका संध्याकाळी विहाराकडून माईक खरखरतो, गुरुजी दोनदा खाकरतात, "हॅलो, हॅलो" म्हणतात, आणि मला ते ऐकवत नाही.

एके काळी ह्याच आवाजाने मला उत्साह यायचा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी वाडीतली माणसं विहारात जमायची, गुरुजी ग्रंथ वाचायचे, आम्ही ऐकायचो. बाहेर पाऊस धो धो कोसळायचा आणि आत मेणबत्त्यांचा, ओल्या छत्र्यांचा आणि माणसांचा एक मिळून वास यायचा. आता माईक ऐकला की मी खिडकी लावून घेते. पाऊस आत येतो, असं सांगते.

ह्या वर्षी मी अशीच खिडकीकडे निघाले होते, तर मित्रा मागून बोलली, "आई, ह्या पौर्णिमेला मी उपोसथ धरणार आहे. तू पण धर. आणि दुसऱ्या दिवशीची खीर आपल्या घरची."

माझ्या हातात ओली साडी होती. तिच्यातून पाणी गळत होतं ते माझ्या पायावर, मला कळलंच नाही. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडले. माझं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं.

"आहे," ती बोलली. "डॉक्टरांनीच तपासलंय."

संघमित्रा ही आमची एकुलती एक मुलगी. घरात मित्रा. डीएड झालेली, आणि आता मंडणगड तालुक्यातल्या एका शाळेत नेमणूक मिळालेली. पौर्णिमा झाली की हजर व्हायचं, खोली घेऊन एकटीने राहायचं. तिला फिट येतात. 'येतात' म्हणावं की 'यायच्या' म्हणावं, हे मला अजून ठरवता येत नाही. तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग आहे, तापल्या दुधावर साय धरते तशी सुरकुतलेली कातडी. ती पूर्ण बाह्यांचा ड्रेस कधी घालत नाही. लोकांनी विचारलं तर सांगते, खीर सांडली. ती इतकं सहज सांगते, आणि मी लगेच आत जाऊन भांडी घासायला घेते.

पहिली फिट आली तेव्हा ती माझ्या पुढ्यात बसली होती. रविवार होता, मी तिची वेणी घालत होते. मान ताठ झाली तेव्हा मला वाटलं नखरे करतेय, म्हणून मी टपली मारली. ती टपली मला अजून हाताला जाणवते. मग डोळे वर गेले, अंग झटके द्यायला लागलं, आणि मी जी किंकाळी फोडली ती म्हणे भाट्याच्या पुलावर ऐकू गेली. हे मुंबईला नोकरीला. शेजारची सोनूआते धावत आली, हातात फोडलेला कांदा. कोणी चप्पल हुंगवली, कोणी मुठीत चाव्या कोंबल्या, कोणी दातांत चमचा घालायला बघत होतं. मी काय करत होते? तिचे हात दाबून धरत होते. जे करायचं नसतं ते सगळं आम्ही अगदी मनापासून केलं.

पुढे डॉक्टरांनी शिकवलं. काही दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं आणि घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. "आणि कांदा भाजीत घाला," असंही ते बोलले. मला हसू आलं नव्हतं.

सोनूआते मनाने चांगली बाई, पण जीभ आवरत नाही. ओटीवर बसून बोलली, "बाय, येकदा त्या बुवाकडं न्येऊन बघ गो. जातंय काय तुजं?" मी अशी खवळले! "आते, ह्या घरातला देव्हारा आजेसासऱ्यांनी आपल्या हातांनी खाडीत सोडला. तो काय आता मी बुवा आणून बसवावा म्हणून? माझ्या पोरीच्या मेंदूचा आजार आहे, तिला मेंदूचं औषध मिळेल." मला इतकं बरं वाटलं होतं ते वाक्य बोलताना! अंगारा नाही, धागा नाही, उतारा नाही. मी कॉलेजच्या कार्यालयात क्लार्क होते, चार शिकलेल्या माणसांत वावरणारी. आमच्या घरात जे होईल ते विचाराने होईल, ह्याचा मला फार गर्व होता.

आणि झालंही तसंच. तपासण्या झाल्या, मेंदूचा फोटो काढला, गोळी सुरू झाली. कागदावर लिहिलेलं होतं: सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. मित्राने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. त्या गोळीने तिची चिडचिड वाढली. डॉक्टर बोलले, होतं असं काहींना. फार वाढली, मन उदास राहायला लागलं, तर लगेच येऊन सांगा, पण आपल्या मनाने गोळी सोडू नका. मित्रा घरी आल्यावर मला बोलली, "माझ्या चिडचिडीला गोळीचं कारण आहे. तुझ्या?"

पण फिट थांबल्या. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मी रात्री उठून तिच्या नाकाशी हात धरणं बंद केलं. आणि नेमका तेव्हा तो वर्षावास आला.

उपोसथ मी लग्नाआधीपासून धरायची. पौर्णिमेला पांढरे कपडे, आठ शीलं, आणि दुपारी बाराच्या आत जेवण. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अन्न नाही; पाणी, फार तर लिंबाचं सरबत. लोकांना वाटतं उपाशी राहणं कठीण. कठीण कसलं! संध्याकाळी चूल पेटत नाही, पोळपाट निघत नाही, "आज काय भाजी?" असं कोणी विचारत नाही, ही केवढी मोठी सुट्टी असते ते बाईमाणसालाच कळेल. त्या वर्षी मित्रा बोलली, मी पण धरते. माझ्या शेजारी पांढऱ्या ड्रेसमध्ये मांडी घालून बसली. मी ग्रंथाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते. वाडीतल्या बाया बघत होत्या. हीच ती, जिला फिट येतात म्हणून कोणी लग्नाचं विचारायचं नाही, ती बघा कशी बसलीय, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

विहारातून परतताना पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर खेकडे आडवे यायचे. बॅटरीच्या उजेडात त्यांचे डोळे चमकायचे आणि मित्रा त्यांना वाट करून द्यायची. घरी आल्यावर मी सवयीने विचारलं, "गोळी?"

"जेवलेच नाही, तर जेवणानंतरची कशी घेऊ?"

"खरंच की गो," मी बोलले.

एवढंच. ह्यावर आमची चर्चा झाली नाही, भांडण झालं नाही. रिकाम्या पोटी गोळी घेतली तर पोट जळेल, असंही माझ्या मनात आलं. माझ्या बहिणीला अशीच एका गोळीने उलटी झाली होती. आणि मी पडले क्लार्क. अर्जावर जे छापलंय तेवढंच करायचं, ओळीबाहेर जायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं. कागदावर जेवणानंतर लिहिलंय, आज जेवण नाही, म्हणजे आज गोळी नाही. कचेरीत ह्या हिशोबाने माझं कधी काही चुकलं नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर मला तिचं कौतुक वाटलं. शील घ्यायचं तर असं कडकडीत घ्यावं, असं वाटलं.

आषाढात काही झालं नाही. श्रावणातल्या पौर्णिमेलाही नाही. त्या दिवशी खाडीत नारळ पडत होते, होड्यांना झेंडे लागले होते, आणि आम्ही दोघी पांढऱ्या कपड्यांत पुलावरून ते बघत उभ्या होतो. मित्राने विचारलं, "आई, मी समुद्रात गेले तर चालेल का गो कधी?" मी म्हटलं, "गुडघ्याएवढ्या पाण्यात. मी बरोबर असताना." त्या पौर्णिमेलाही रात्रीची गोळी राहिली, पण तिच्याबद्दल आमच्यात बोलणंसुद्धा झालं नाही. एकदा काही झालं नाही की माणूस त्या चुकीला नियम म्हणायला लागतो.

भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी उपास सोडायची खीर आमच्याकडे होती. आमच्या वाडीची ही पद्धत आहे. ज्यांनी उपोसथ धरला ते सकाळी विहारात जमतात, आणि पाळीपाळीने एकेका घरची खीर असते. तांदळाची, नारळाच्या रसातली, गूळ घातलेली. मोठं पातेलं, विहाराच्या पडवीत तीन चिऱ्यांची चूल. मित्रा पहाटेच उठली होती, झोप धड झालेली नव्हती. रात्रीची गोळी राहिलेली. सकाळचीही न्याहारीनंतरची, म्हणजे खिरीनंतरची, म्हणून मागे पडलेली. मी तिच्या हातात कालथा दिला आणि वाट्या आणायला आत गेले.

वाट्या खळखळत होत्या, म्हणून मला पडल्याचा आवाज आला नाही. सोनूआतेची हाक आली. बाहेर आले तर पातेलं कलंडलेलं, खीर चिऱ्यांवरून ओघळत चाललेली, आणि माझी पोर त्यात हात टाकून झटके देत होती. तांदळाची खीर पाण्यासारखी निथळून जात नाही हो. चिकटून बसते. गूळ असतो तिच्यात.

ह्या वेळी मी तिला दाबून धरलं नाही. कुशीवर वळवलं, चुलीपासून ओढलं, हातावर गार पाणी ओतत राहिले, आणि घड्याळाकडे बघितलं. डॉक्टरांनी शिकवलेलं सगळं मी बिनचूक केलं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं, काही उपयोग होत नाही.

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी गुरुजींनी ग्रंथातलं काय वाचलं होतं, ते मी आठवायचा फार प्रयत्न केला. तथागतांनी शरीर झिजवणारे उपास सोडून देऊन खिरीची वाटी हातात घेतल्याची गोष्ट त्यात आहे. ती आदल्या संध्याकाळीच वाचली होती, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मला आठवत नाही. मी ऐकतच नव्हते, पोरीचं कौतुक बघत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी चुकली होती का?" मी तोंड उघडायच्या आत मित्राच बोलली. हात बांधलेला, जीभ चावलेली, शब्द बोबडे. "चुकली. दोन चुकल्या. आणि मागच्या दोन पौर्णिमांना एकेक. उपास होता, जेवण नव्हतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, ह्या गोळीला जेवण लागत नाही. रिकाम्या पोटी चालते, नुसत्या पाण्याबरोबर. सगळ्याच गोळ्यांचं तसं नसतं, पण हिचं आहे. जेवणानंतर लिहितो ते लक्षात राहावी म्हणून. माणूस जेवण विसरत नाही ना." आणि मग बोलले, "हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं." त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. फिटची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ होत आली असेल तर ती पुढचीच एक, दोन एकदम कधीच नाही. दुकानदाराने वेगळी दिसणारी गोळी दिली, दुसरं कुठलं औषध सुरू करायचं झालं, तर आधी विचारायचं. मी मान डोलवत होते आणि मला ऐकू फक्त एकच येत होतं, माणूस जेवण विसरत नाही ना.

त्या दिवसापासून आमच्या घरी अपराधाची रांग लागली. गुरुजी भिजत आले, छत्री दाराशी ठेवून खाली मान घालून बसले. गुरुजी म्हणजे आमचे बौद्धाचार्य, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेले. "औषधाला कुठलंच शील आड येत नाही, वहिनी. मला हे माहीत होतं. शीलं दिली, पण हे सांगायचं सुचलं नाही. दोष माझा." हे मुंबईहून मिळेल त्या गाडीने आले आणि बॅग न ठेवताच बोलले, "मी इथं असतो तर." सोनूआते डोळे पुसत बोलली, "मीच मेली, मीच तिला बोल्ली, ढवळ गो नीट, लागंल खाली." आणि मी तर होतेच. मी सगळ्यांना सांगत होते, तुमचा नाही, दोष माझाच. तो मला कोणाला द्यायचाच नव्हता.

मित्रा खाटेवरून बघत होती. मग एकदम ओरडली, "अपराध काय खाऊ आहे, वाटून घ्यायला? गोळी माझी होती. कागद मी चिकटवला होता. मी विचारलं नाही डॉक्टरांना. माझ्यासाठी पण ठेवा की थोडा!"

मला तिचा इतका राग आला, आणि लगेच रडूही आलं. आज वाटतं, त्या वाक्यात तिने काहीतरी मागितलं होतं आणि आम्ही दिलं नाही. आपल्या हातून घडलं म्हणून छाती पिटण्यातसुद्धा एक मिजास असते. जणू काही पोरीला स्वतःची अक्कल नाही, स्वतःची चूक करायचीही नाही. पण तेव्हा मला हे कुठलं कळायला?

पुढच्या पौर्णिमेला मी गेले नाही. घरातूनच माईक ऐकला. गुरुजी वाचनाआधी बोलत होते, "ज्यांना औषधं चालू आहेत त्यांनी ती वेळेवर घ्यायची आहेत. शील मोडत नाही. साखरेच्या आजारवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपोसथ धरायचा नाही. कोणी चुकवतंय का?" मग माईकमधून लांबून सोनूआतेचा आवाज, "मी गुरुजी. बीपीची. मना वाटलं, धरायचं तर पुरतं धरावं." आणि मग एकेक जण कबूल व्हायला लागला. कोणी रक्तदाबाची, कोणी साखरेची, कोणी थायरॉईडची. अर्धं विहार निघालं. माझ्या पोरीला हसू फुटलं. मला नाही फुटलं. तेव्हा माझीही बीपीची गोळी नुकतीच सुरू झाली होती. त्याच महिन्यात बीपी निघालं. सकाळी न्याहारीनंतर एक.

तेव्हापासून मी घरात आई कमी, जेलर जास्त झाले. न्हाणीची आतली कडी काढून टाकली. ती आंघोळीला गेली की मी दाराबाहेर उभी राहून सांगायचे, "गाणं म्हण, म्हणजे मला कळेल." बाविशीची पोर, ती दात-ओठ खाऊन गाणं म्हणायची, इतकं बेसूर की रस्त्यावरची माणसं वर बघायची. विहिरीवर जायचं नाही. गॅसजवळ एकटीने उभं राहायचं नाही. भाट्याला सुरूच्या बनात बसायचं, वाळूत उतरायचं नाही. आणि सकाळ-संध्याकाळ, कॉलेजात असेन तर फोनवर, "घेतलीस?" तिच्या फोनमध्ये गजर, डब्यात वारांचे कप्पे, सगळं तिने स्वतः लावलेलं. तरी मी कप्पा उघडून बघायचे. एकदा ती बोलली, "आई, तू मला आधी जय भीम कर, मग गोळीचं विचार. माणूस आहे मी." मी म्हटलं, "हो." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

खीर मी परत केली नाही. आमची पाळी आली की केळी पाठवून द्यायचे. गुरुजी काही बोलले नाहीत, कोणीच बोललं नाही. ते न बोलणंच मला टोचत राहिलं.

आणि आता हे मंडणगड. नेमणुकीचं कळलं तेव्हापासून मी नुसती रेंगाळत होते. आधी म्हटलं, तिकडे डोंगर फार. मग म्हटलं, गाड्या कमी. मग म्हटलं, तिथल्या दुकानात तुझी गोळी मिळेल का? हे आता निवृत्त होऊन घरी असतात, ते पेपरमागून बोलले, "अगो, मंडणगड काय चंद्रावर आहे?" मित्रा मात्र भांडली नाही. एक दिवस जाऊन खोली बघून आली, आणि भाकरी मोडता मोडता सांगितलं, "घरमालकीणबाईंना सगळं सांगितलंय. फिट आली तर कुशीवर कसं वळवायचं ते जमिनीवर आडवी पडून करून दाखवलं. न्हाणीला आतून कडी लावणार नाही. शाळेत बाईंना पण सांगितलं. गोळ्या महिनाभराच्या जास्तीच्या नेतेय, डॉक्टरांची चिठ्ठी पण आहे. आणि पुढंमागं लग्नाचं, बाळाचं ठरलं तर आधी डॉक्टरांना विचारायचं, तेही मला माहीत आहे. अजून काय राहिलं?"

काही राहिलं नव्हतं. राहिले होते ती मी.

उपोसथाचंही तिने डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. धर, ते बोलले, पण गोळी वेळेवर, पाणी भरपूर, झोप पुरती. चक्कर आली तर उपास तिथंच सोडायचा. हे सगळं तिने मला आपल्या तोंडाने सांगितलं, आणि तरी मी डॉक्टरांना स्वतः फोन करून विचारलं. ते हसले. "तुमच्या मुलीने हे सगळं मला विचारलंय. तुमच्याबद्दलही विचारत होती," ते बोलले. माझ्याबद्दल काय, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

पौर्णिमेच्या दिवशी मी उजाडायच्या आधीच तिच्या उशाशी उभी होते. "घेतलीस?" ती अर्धवट झोपेत बोलली, "वेळ झाली नाही अजून." वेळ झाली तेव्हा मी पाण्याचा पेला घेऊन उभी. दुपारी बाराच्या आत वरणभात, काकडीची कोशिंबीर. मी तिच्या ताटाकडे बघत जेवले, काय जेवले आठवत नाही. दुपारभर ती सामान बांधत होती आणि मी तिच्या मागे मागे, कोळ्याच्या पोरासारखी जाळ्यात पाय अडकवत. ती पायरी उतरली तरी माझा हात पुढे जायचा.

संध्याकाळी आम्ही निघालो. पांढरे कपडे अजून दमटच होते, अंगाला गार लागत होते. पाखाडीवर खेकडे होते. कित्येक वर्षांनी मी विहाराची पायरी चढले. पडवीतले ते तीन चिरे तिथंच होते, धुऊन स्वच्छ, कोपऱ्यात एकावर एक. मी मान फिरवली. सोनूआते आता फार वाकलीय. तिने मला बघून नुसतं सरकून जागा केली.

वाचन सुरू झालं. पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की गुरुजींना आवाज चढवावा लागत होता. मी ग्रंथ ऐकत नव्हते. मी मित्राचे डोळे बघत होते, बोटं बघत होते. तिला जांभई आली तरी मी पुढे सरकत होते. आणि मग तिच्या मांडीवरच्या फोनचा गजर वाजला. सगळ्या विहारात घुमला. पूर्वीची मित्रा लाजून बाहेर पळाली असती. ही जागची हलली नाही. तिने गजर बंद केला, पिशवीतून डबा काढला, पाण्याची बाटली काढली. गुरुजींनी वाचता वाचता वर बघितलं आणि ओळीवर बोट ठेवून ते थांबले. पूर्ण विहार माझ्या पोरीने गोळी गिळायची वाट बघत बसलं होतं.

तिने गोळी घेतली, पाणी प्यायलं. मी सुटकेचा श्वास सोडला.

तिने डबा बंद केला नाही. दुसऱ्या कप्प्यातून अजून एक गोळी काढली. "दोन नाही गो!" मी जवळजवळ ओरडले.

"ही तुझी," ती बोलली. "बीपीची. सकाळपासून तुझ्या डब्यात तशीच होती, मी आणली. कालची पण राहिली होती."

मी सकाळ आठवली. पेला घेऊन तिच्यापुढे उभी राहिले होते ते आठवलं. स्वतःची घेतल्याचं काही केल्या आठवेना. "तुझ्या नादात विसरले," मी पुटपुटले.

"मला माहीत आहे. म्हणूनच डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. आठवल्याबरोबर घ्यायची, एकच. हात पुढे कर."

मी हात पुढे केला. तिने डाव्या हाताने बाटली माझ्यापुढे धरली, त्याच हाताने. मेणबत्तीच्या उजेडात ती सगळी कातडी माझ्या डोळ्यांपुढे होती, आणि बाटली जराही हलत नव्हती.

"दोष माझाच," मी बोलले.

"हो, ही तुझीच चूक," ती बोलली. "माझी माझी होती. आता गीळ."

मी गिळली. गुरुजी अजून ओळीवर बोट ठेवून थांबले होते.

"सोमवारी जा तू मंडणगडला," मी हळूच बोलले.

"जाणारच आहे," मित्रा बोलली. "उद्या खीर तू ढवळ. मी शेजारी बसते. आणि अजून एक घोट पी, घशात अडकते ती."